मालदीवला जायचंय? व्हिसा, इमुगा फॉर्म, ग्रीन टॅक्स आणि बॅगेतला गणपती

मालदीवला व्हिसा लागत नाही हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे होतं काय, की स्वस्त तिकीट दिसलं की लोक ते काढून मोकळे होतात, मग सावकाश हॉटेल शोधतात आणि निघायच्या आदल्या रात्री कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण केली म्हणून 'इमुगा' हा प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसतात. हा क्रम उलटा आहे. तिथे विमानतळ एका बेटावर, राजधानी माले दुसऱ्या बेटावर आणि तुमचं हॉटेल बहुधा तिसऱ्याच कुठल्यातरी बेटावर असतं. विमान किती वाजता उतरतं त्यावर पहिली रात्र कुठे काढायची ते ठरतं, पहिल्या रात्रीच्या बुकिंगवर फॉर्म अवलंबून, आणि फॉर्म भरला नसेल तर मुंबईच्या चेक-इन काउंटरवरच गाडी अडते. म्हणून हा लेख ज्या क्रमाने कामं करावीत त्याच क्रमाने लिहिलाय.

कुणाला किती दिवस राहता येतं

मालदीव जगातल्या जवळजवळ सगळ्या देशांच्या पर्यटकांना उतरल्यावर ३० दिवसांचा मोफत व्हिसा देतं. त्यासाठी आधी अर्ज नाही, फी नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांची सोय याहून चांगली आहे. डिसेंबर २०१८ मध्ये दोन्ही देशांत व्हिसासंबंधी करार झाला, तो ११ मार्च २०१९ पासून लागू आहे आणि त्यानुसार आपल्याला ९० दिवस राहता येतं. २०२४ च्या सुरुवातीला सोशल मीडियावर बहिष्काराचा धुरळा उडाला होता, तेव्हाही ही सवलत कायम होती.

खरा प्रश्न येतो तो मिश्र पासपोर्टच्या कुटुंबात. न्यू जर्सीहून आलेला भाऊ, त्याची अमेरिकन नागरिक झालेली बायको, पुण्याहून निघालेले आई-बाबा, असा गोतावळा मालेत भेटणार असेल तर आई-बाबांना ९० दिवस, सुनेला ३०. आठवड्याच्या सहलीत याने काही बिघडत नाही, लांबचा मुक्काम असेल तर मात्र लक्षात ठेवावं. ३० दिवसवाल्यांना मालेतल्या इमिग्रेशन कार्यालयात फी भरून मुक्काम एकूण ९० दिवसांपर्यंत वाढवता येतो. ओसीआय कार्डाचा इथे उपयोग शून्य. ते कार्ड भारतात येण्यासाठी आहे. मालदीवच्या दृष्टीने तुम्ही तुमच्या परदेशी पासपोर्टचेच नागरिक.

एका गटाला मात्र दार बंद आहे. १५ एप्रिल २०२५ पासून इस्रायली पासपोर्टवर मालदीवमध्ये प्रवेश मिळत नाही. मराठी वाचकांत हे सांगायचं कारण असं, की अलिबाग-पेणकडून गेलेली बेने इस्रायली (मराठी ज्यू) घराणी आज इस्रायलमध्ये अश्दोद, लोद, दिमोना भागात आहेत आणि त्यांचे मुंबई-ठाण्यात नातेवाईक आहेत. सगळ्यांनी मिळून समुद्रावर भेटायचा बेत असेल तर दुसरं ठिकाण निवडा.

तिकिटाआधी बेट

आता मुख्य काम. तिकीट शोधायच्या आधी बेट ठरवा, आणि बेट ठरवताना एकच प्रश्न विचारा: विमानतळावरून तिथे जायचं कशाने?

तीन प्रकार आहेत. माले परिसरातली आणि दक्षिण माले प्रवाळद्वीपातली बेटं स्पीडबोटीने गाठता येतात. लांबच्या रिसॉर्टना सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. आणि त्याहून लांब असेल तर देशांतर्गत विमान आणि पुढे बोट. यातलं सीप्लेन फक्त उजेडी उडतं, अंधारात नाही. म्हणजे तुमचं आंतरराष्ट्रीय विमान साधारण दुपारी साडेतीनच्या आत उतरलं तर त्या दिवशी रिसॉर्ट गाठता येतं. संध्याकाळी उतरलात तर ती रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढायची, तिचं वेगळं बुकिंग करायचं, आणि रिसॉर्टची ती रात्र आधीच भरली असेल तर ते पैसे गेले. दोन हजार रुपये स्वस्त म्हणून संध्याकाळचं विमान घेणाऱ्याला हा हिशोब भलताच महाग पडतो.

परतीचंही तसंच. सकाळी लवकर मालेहून निघणारं विमान असेल तर सीप्लेन तोवर उडालेलंच नसतं. शेवटची रात्र विमानतळाजवळ काढावी लागते. त्यामुळे सीप्लेनचं रिसॉर्ट घेत असाल तर सकाळी निघून दुपारपर्यंत पोचवणारं आणि परतीला दुपारनंतर निघणारं विमान बघा. मुंबईहून थेट विमानाला तीन तासांच्या आसपास लागतात, आणि मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे आहे. त्यातही गंमत अशी, की बरीच रिसॉर्ट आपलं स्वतःचं 'बेटाचं घड्याळ' एक तास पुढे ठेवतात. सीप्लेनची वेळ कुठल्या घड्याळाने सांगितली आहे ते विचारून घ्या.

सीप्लेनचं भाडं माणशी काही शे डॉलर असतं आणि ते खोलीच्या दरात धरलेलं नसतं. सामानाची मर्यादाही साधारण २० किलो आणि वर हातातली ५ किलो एवढीच. दोन दिवसांच्या फोटोसाठी सहा जोडी चपला नेणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा.

बजेट बेताचं असेल तर सरळ वस्तीच्या बेटावर जा. मालदीवमध्ये सुमारे बाराशे बेटं आहेत आणि वस्ती आहे ती दोनशेच्या आत बेटांवर. पूर्वी पर्यटकांना रिसॉर्टबाहेर राहायची मुभाच जवळजवळ नव्हती. २००९ नंतर गेस्टहाउसला परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. माफुशी हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं बेट. विमानतळावरून स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत पोचता. सरकारी फेरीबोट कितीतरी स्वस्त आहे, पण ती दीड-दोन तास घेते आणि शुक्रवारी बंद असते, कारण तिथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी उतरणार असाल तर फेरीच्या भरवशावर राहू नका.

बेट, वाहन आणि वेळ हे तिन्ही जुळलं की मग तिकीट. आणि तिकीट जाण्या-येण्याचं. परतीचं (किंवा पुढच्या देशाचं) पक्कं तिकीट ही प्रवेशाची अट आहे.

पासपोर्ट, आणि नव्या नवरीच्या नावाचा घोळ

मालदीव इमिग्रेशनची अट आहे ती पासपोर्ट यंत्राने वाचता येणारा आणि प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक महिना वैध असावा अशी. पण एक महिन्याच्या भरवशावर निघू नये असं माझं मत. चेक-इन काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यात 'सहा महिने' पक्कं बसलेलं असतं, परतीला विमान दुसऱ्या देशातून वळलं तर तिथले नियम लागतात, आणि रात्री दोन वाजता काउंटरवर वाद घालण्यात मजा नाही. सहा महिन्यांपेक्षा कमी उरले असतील तर आधी नूतनीकरण करून घ्या.

पासपोर्टवर 'इसीआर' शिक्का आहे म्हणून घाबरून फोन करणारे पुष्कळ भेटतात. इसीआर म्हणजे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड', नोकरीसाठी ठरावीक देशांत जाण्याआधी होणारी तपासणी. त्या देशांच्या यादीत मालदीव नाही. पर्यटनाला जाताना तो शिक्का आडवा येत नाही.

मुलांना प्रत्येकी स्वतंत्र पासपोर्ट लागतो, तान्ह्या बाळालासुद्धा.

आता नावाचं. मालदीवला जाणाऱ्या मराठी प्रवाशांत नवविवाहित जोडपी भरपूर, आणि घोळ होतो तो नेमका इथे. समजा लग्न डिसेंबरात झालं. पासपोर्ट कॉलेजात असताना काढलेला, त्यावर नाव सायली, वडिलांचं नाव, आडनाव कुलकर्णी. सासरचं आडनाव देशमुख. तिकीट काढलं दिराने, त्याने प्रेमाने लिहिलं 'सायली देशमुख'. हॉटेलचं बुकिंग नवऱ्याच्या नावावर, पाहुण्यांच्या यादीत पुन्हा 'मिसेस देशमुख'. आणि जिथे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची पद्धत आहे तिथे तर तिकिटावरची बाई आणि पासपोर्टवरची बाई यांचा एकमेकींशी काही संबंधच उरत नाही.

उपाय साधा आहे. सहल होईपर्यंत सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव चालू ठेवा: तिकीट, हॉटेल, इमुगा फॉर्म, विमा. नाव बदलायची घाई मुळीच करू नका. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या रकान्यात पहिलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही छापलेली असतील तर फॉर्ममध्येही दोन्ही लिहा. शंका आली तर पासपोर्टच्या पहिल्या पानावर तळाशी बाणाच्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात त्या बघा. यंत्र त्याच वाचतं.

इमुगा: ९६ तासांचं गणित

मालदीवला जाणाऱ्या प्रत्येकाने 'ट्रॅव्हलर डिक्लरेशन' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो मालदीव इमिग्रेशनच्या 'इमुगा' या पोर्टलवर आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. हे ठळकपणे सांगतोय, कारण शोधयंत्रात 'मालदीव व्हिसा फॉर्म' असं टाकलं की हुबेहूब सरकारी दिसणारी खासगी संकेतस्थळं वर येतात आणि याच फॉर्मचे पैसे मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट एमव्ही' असेल तरच ते खरं. कुठेही कार्डाचा नंबर मागितला की समजा, चुकीच्या दारात उभे आहात.

फॉर्म विमानाच्या वेळेआधीच्या ९६ तासांतच भरता येतो. म्हणजे शुक्रवारी सकाळी दहाचं विमान असेल तर सोमवारी सकाळी दहापासून. त्याआधी भरायला गेलात तर स्वीकारला जात नाही. सोमवारी रात्री जेवणं झाल्यावर बसा, अर्ध्या तासात घरातल्या चौघांचं उरकतं. शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. फोटो अपलोड न होणं, ईमेल न येणं या गोष्टी नेमक्या त्याच रात्री होतात.

हाताशी हे ठेवा: पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्वच्छ फोटो, प्रत्येकाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा चेहऱ्याचा फोटो, विमानाचा नंबर आणि तारीख, हॉटेलचं नाव आणि बुकिंग. मुलांसाठीही वेगळा फॉर्म. बुकिंगच्या रकान्यात पहिली रात्र जिथे काढणार तेच लिहा. हुलहुमालेत एक रात्र आणि मग रिसॉर्टमध्ये तीन असं असेल तर दोन्ही बुकिंगच्या प्रती जवळ ठेवा, कारण अधिकारी सगळ्या मुक्कामाचा हिशोब विचारू शकतो.

फॉर्म पूर्ण झाला की क्यूआर कोड मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढा, आणि एक छापील प्रतही घ्या. सगळ्यांचे कोड एकाच्या फोनमध्ये आणि त्या फोनची बॅटरी चार टक्के, हे दृश्य प्रत्येक विमानतळावर दिसतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: हा फॉर्म दोनदा भरायचा असतो. एकदा जाताना, एकदा परत येताना. परतीच्या विमानाआधीही तीच ९६ तासांची खिडकी. चार रात्रींच्या सहलीत हॉटेलच्या वायफायवर तिसऱ्या दिवशी भरून टाका.

पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस भारतातून जाणाऱ्याला लागत नाही. पण नैरोबी, कंपाला, लागोस अशा ठिकाणाहून थेट मालेला येणाऱ्यांना, म्हणजे आफ्रिकेत नोकरीला असलेल्या आपल्या मंडळींना, पीतज्वराचं प्रमाणपत्र लागतं. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. पुढे भारतात यायचं असेल तर इथेही तेच प्रमाणपत्र मागतात.

मोफत व्हिसाचा खर्च

व्हिसा फुकट, पण देश पैसे दुसऱ्या वाटांनी घेतो. त्यातला एक तुमच्या नकळत तिकिटातच जातो. १ डिसेंबर २०२४ पासून इकॉनॉमीने देश सोडणाऱ्या परदेशी माणसाला ५० डॉलर प्रस्थान कर आणि ५० डॉलर विमानतळ विकास शुल्क बसतं, म्हणजे माणशी १०० डॉलर. बिझनेस क्लासला हे दोन्ही १२०-१२० डॉलर. विमानतळावर वेगळे भरावे लागत नाहीत. पण क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर 'फुकट' तिकीट काढणाऱ्यांना कराची रक्कम बघून धक्का बसतो, तो यामुळे.

दुसरा ग्रीन टॅक्स. १ जानेवारी २०२५ पासून तो दुप्पट झाला. रिसॉर्टमध्ये आणि ५० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलात माणशी दर दिवशी १२ डॉलर. वस्तीच्या बेटावरच्या ५० पेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर. दोन वर्षांखालच्या बाळांना माफ. आई, बाबा आणि सात वर्षांची मुलगी चार रात्री राहिले तर रिसॉर्टमध्ये १४४ डॉलर, छोट्या गेस्टहाउसमध्ये ७२. खोलीचं भाडं ऑनलाइन भरलेलं असलं तरी हा कर बऱ्याचदा निघताना तिथे रोख किंवा कार्डाने मागतात. बुकिंग करताना 'ग्रीन टॅक्स धरलाय का' असा एका ओळीचा मेल टाका.

तिसरा पर्यटनावरचा जीएसटी. १ जुलै २०२५ पासून १७ टक्के. बिलात आधी १० टक्के सेवा शुल्क धरतात आणि हा कर त्या बेरजेवर लागतो. मेन्यूवर १०० डॉलर आणि पुढे दोन अधिकची चिन्हं दिसली तर ११० वर १७ टक्के, म्हणजे १२८ डॉलर ७० सेंट. रात्रीच्या जेवणाला चौघं बसणार असतील तर ही दोन चिन्हं आधी वाचा. याच कारणाने शाकाहारी मंडळींनीसुद्धा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेलं पॅकेज घेतलेलं बरं. रिसॉर्टच्या बेटावर दुसरं दुकान नसतं.

रोख नेताना भारताचा नियम असा: परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंत, बाकी फॉरेक्स कार्डावर. भारतीय नोटा २५,००० रुपयांपर्यंत नेता येतात, पण मालदीवमध्ये त्यांचा काही उपयोग नाही. त्या परतीच्या टॅक्सीपुरत्या. मालदीवचं चलन रुफिया, डॉलरला सुमारे १५.४२ या दराने बांधलेलं. रिसॉर्टमध्ये सगळं डॉलरात. वस्तीच्या बेटावर दुकानं आणि फेरीसाठी थोडे रुफिया लागतात, तेवढेच बदलून घ्या, कारण उरलेले रुफिया मुंबईत कुणी घेत नाही. डॉलरच्या सुट्या नोटा, एक आणि पाचच्या, जवळ असू द्या.

बॅग: काय न्यायचं नाही

मालेला सामान घेतल्यावर बाहेर पडायच्या आधी बॅगा कस्टमच्या यंत्रातून जातात. मालदीवमध्ये राज्याचा धर्म इस्लाम आहे आणि कस्टमचे नियम त्या धोरणाला धरून आहेत. हे आवडो न आवडो, बॅग भरताना लक्षात घ्यावंच लागतं.

पूजेच्या मूर्ती निषिद्ध वस्तूंच्या यादीत आहेत. आपल्याकडे प्रवासाला निघताना आई बॅगेच्या कप्प्यात पितळेचा छोटा गणपती, नाहीतर गजानन महाराजांची मूर्ती हळूच ठेवते. कुणी वाईट हेतूने ठेवत नाही, पण मूर्ती यंत्रात दिसली तर ती काढून ठेवतात आणि प्रश्नोत्तरं सुरू होतात. मूर्ती घरीच राहू द्या. मंगळसूत्र किंवा गळ्यातलं लॉकेट अंगावरचा दागिना म्हणून वापरायला काही अडचण येत नाही. सार्वजनिक जागी पूजा, आरती, धर्मप्रचार मात्र कायद्याने बंद आहे. अंगारकी मालदीवमध्ये आली तर उपास खोलीत करा.

दारू नेता येत नाही. मुंबई विमानतळावर ड्यूटी फ्रीमधून घेतलेली सीलबंद बाटलीसुद्धा नाही. कस्टम ती ठेवून घेतं, पावती देतं आणि परत जाताना तुम्ही ती घेऊ शकता. दारू मिळते ती रिसॉर्टवर आणि सफारी बोटींवर. माफुशीसारख्या वस्तीच्या बेटावर कुठल्याही किमतीला नाही. डुकराचं मांस आणि त्याचे पदार्थही चालत नाहीत.

वेप, म्हणजे ई-सिगारेट, १५ नोव्हेंबर २०२४ पासून आत आणायला बंदी आहे. पर्यटकांनाही. त्यापुढे जाऊन १ नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ नंतर (त्या दिवशीसुद्धा) जन्मलेल्या कुणालाही तंबाखू विकत घेणं, वापरणं बेकायदा झालं. हे पाहुण्यांनाही लागू. घरातला कॉलेजकुमार बरोबर असेल तर त्याला हे आधीच सांगा.

औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, मूळ वेष्टनात न्या. झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामकं, कोडीनचं खोकल्याचं औषध अशा गोष्टींना चिठ्ठी हवीच. अमली पदार्थांचे कायदे फार कडक आहेत. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, त्यामुळे रिसॉर्टला आधी विचारा. नसेल जमत तर घरीच ठेवा.

खायचं मात्र खुशाल न्या: बंद पाकिटातला चिवडा, लाडू, थेपले, मेतकूट. शुद्ध शाकाहारींना वस्तीच्या बेटावर याचा खराच आधार होतो, कारण तिथल्या जेवणात मासा, त्यातही सुकवलेला ट्यूना, सगळीकडे असतो. नाश्त्याची मासहुनी खोबरं, कांदा आणि ट्यूनाची. बघून वाटतं नुसतं खोबऱ्याची कोशिंबीर आहे. 'व्हेज' म्हणून भागत नाही, 'नो फिश' असं वेगळं सांगावं लागतं.

येताना वाळू, शिंपले, प्रवाळाचे तुकडे आणू नका. किनाऱ्यावर पडलेलं असलं तरी ते नेणं बेकायदा आहे आणि जाताना बॅग पुन्हा यंत्रातून जाते.

उतरल्यावर

वेलाना विमानतळ हुलहुले बेटावर आहे. इमिग्रेशनच्या रांगेत पासपोर्ट, क्यूआर कोड, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग एका फोल्डरमध्ये हातात ठेवा. प्रश्न मोजके असतात: कुठे राहणार, किती दिवस, परत कधी. खर्चाला पुरेसे पैसे आहेत का हेही विचारू शकतात. कार्ड आणि थोडे डॉलर दाखवायला पुरतात. नवरा-बायको असाल तर एकत्रच काउंटरवर जा. शिक्का मारल्यावर पासपोर्टवरची तारीख आणि दिवस तिथेच वाचून घ्या.

बाहेर आलात की रिसॉर्टचे काउंटर ओळीने असतात. तुमच्या रिसॉर्टचा माणूस तिथेच भेटतो आणि पुढची बोट किंवा सीप्लेन तोच बघतो. गेस्टहाउसवाल्यांनी बोटीचा नंबर आणि वेळ आदल्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून ठेवावी. माले आणि हुलहुमालेला जायला २०१८ मध्ये झालेल्या सिनामाले पुलावरून बस आणि टॅक्सी आहेत, बोटीची गरज नाही.

रिसॉर्टच्या बेटावर कपड्यांचं बंधन नाही. वस्तीच्या बेटावर आणि मालेत खांदे आणि मांड्या झाकणारे कपडे घाला. पोहायच्या कपड्यांसाठी 'बिकिनी बीच' अशी पाटी लावलेला वेगळा किनारा असतो, तोही पडद्याआड. रस्त्यात गळ्यात गळे घालणं टाळा. समलिंगी संबंध तिथल्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा अशा जोडप्यांनी वस्तीच्या बेटापेक्षा रिसॉर्ट निवडलेलं सुरक्षित. रमजानमध्ये वस्तीच्या बेटांवर दिवसा खाण्याची दुकानं बंद असतात.

'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे नोकरी लावून देतो'

हॉटेल मॅनेजमेंट केलेल्या मुलांना हे वाक्य एजंटकडून ऐकू येतं, म्हणून दोन शब्द. मालदीवच्या रिसॉर्टमध्ये भारतीय कामगार मोठ्या संख्येने आहेत आणि चांगल्या नोकऱ्या खरोखर मिळतात. पण पर्यटक म्हणून मिळालेल्या ९० दिवसांत काम करता येत नाही, विनापगारी 'ट्रायल'सुद्धा नाही. कामासाठी मालकाने आधी तिथल्या सरकारकडून तुमच्या नावाची मंजुरी काढायची असते आणि ती हातात आल्यावर तुम्ही निघायचं.

वर सांगितलं तसं मालदीव इसीआर देशांच्या यादीत नाही. पर्यटकाला ही सोय वाटते, पण नोकरीला जाणाऱ्याला हाच धोका, कारण निघण्याआधी तुमचे नोकरीचे कागद तपासणारी ती इसीआरची पायरी इथे नसते. एजंट मंजुरीची प्रत देत नसेल, रिसॉर्टच्या अधिकृत मेलवरून नियुक्तीपत्र येत नसेल, 'परतीचं तिकीट नुसतं दाखवायला काढ' असं म्हणत असेल, तर पैसे देऊ नका. इमिग्रेशनला संशय आला तर विमानतळावरूनच परत पाठवतात आणि तो खर्च तुमचा.

परतताना, आणि काही बिघडलं तर

निघायच्या आदल्या संध्याकाळी रिसॉर्ट तुमच्या सीप्लेनची वेळ कळवतं. ती तुमच्या सोयीने ठरत नाही. कधी विमानाच्या पाच तास आधी मालेला आणून सोडतात. इमुगाचा दुसरा फॉर्म भरला ना, बिलात ग्रीन टॅक्स दोनदा लागला नाही ना, ठेवून घेतलेल्या बाटलीची पावती सापडते ना, एवढं बघा. स्कूबा केलं असेल तर शेवटचा डाइव्ह आणि विमान यांत पूर्ण दिवस जाऊ द्या. सीप्लेनही विमानच आहे.

आजारपणासाठी मालेत इंदिरा गांधी मेमोरियल हॉस्पिटल आहे, भारताच्या मदतीने उभं राहिलेलं. अडचण असते ती लांबच्या बेटावरून तिथवर पोचण्याची, रात्री बोटीशिवाय पर्याय नसतो आणि स्पीडबोट मागवायची तर बिल मोठं येतं. प्रवास विमा घेताना रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, आणि स्कूबा वगळलेलं तर नाही ना, या दोन ओळी शोधून वाचा.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या आणि मग मालेतला भारतीय उच्चायोग गाठा. तातडीची गरज असेल तर तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. त्यावर फक्त भारतात परतता येतं, पुढे कुठे जाता येत नाही; म्हणजे मालेहून थेट दुबईला किंवा अमेरिकेला कामावर जायचं असेल तर नवा पासपोर्ट आणि त्यावरचा नवा व्हिसा होईपर्यंत वाट बघावी लागेल. शुक्रवार-शनिवारी तिथली सरकारी कचेरी बंद असते, तेव्हा आठवडा संपत आला असताना काही हरवलं तर गुरुवारीच धावपळ करा. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो, दोन छापील फोटो आणि तिकिटाची प्रत हे मूळ पासपोर्टपासून वेगळ्या बॅगेत ठेवलेलं असेल तर हे काम निम्म्या वेळात होतं.